सायकल क्लबची मेंबरशिप आणि विमा: पैसे भरायच्या आधी एवढं बघून घ्या

क्लबात येऊन तिसरं वर्ष चालू होतं तेव्हाची गोष्ट. रविवारची ग्रुप राईड, समोरच्याने खड्डा बघून ब्रेक मारला, माझं पुढचं चाक त्याच्या मागच्या चाकाला घासलं आणि मी सरळ खांद्यावर आपटले. कॉलरबोन तुटलं. हॉस्पिटलात पडल्या पडल्या पहिला विचार काय आला तर "बरंय, क्लबचा इन्शुरन्स आहे". नंतर कळलं की तो इन्शुरन्स माझ्या हाडांसाठी नव्हताच, माझ्यामुळे दुसऱ्या कोणाचं हाड मोडलं असतं तर त्याच्यासाठी होता. कोणी फसवलं वगैरे नाही, फॉर्मवर स्पष्ट लिहिलेलं होतं, तीन वर्षं सही करत होते पण वाचलं कोणी!

तेव्हापासून क्लबात कोणी नवीन आलं की मी हे सगळं पुन्हा पुन्हा सांगत बसते, म्हणून म्हटलं एकदा लिहूनच काढावं. हे हौशी लोकांसाठी आहे हां, म्हणजे सुट्टीच्या दिवशी पन्नास-साठ किलोमीटर मारणारे, रोज ऑफिसला सायकलने जाणारे, वर्षातून एखादी मोठी टूर करणारे. रेसिंगवाल्यांचं गणित वेगळं असतं.

१. आधी तुम्ही कसली सायकलिंग करता ते कागदावर लिहा

हसू नका, खरंच लिहा. एकट्याने की ग्रुपमध्ये, रस्त्यावर की डोंगरातल्या पायवाटेवर, रात्री चालवता का, दुसऱ्या देशात सायकल घेऊन जाणार आहात का, साधी सायकल की ई-बाईक, आणि सायकलवरून काही कमाई करता का (पार्सल पोचवणं, टूर गाईड म्हणून जाणं वगैरे). विम्याच्या कागदातली प्रत्येक अट यातल्याच कुठल्यातरी गोष्टीवर येऊन अडते. ही यादी समोर असली की क्लबवाल्यांना किंवा विमा कंपनीला नेमका प्रश्न विचारता येतो, नाहीतर आपण विचारतो "सगळं कव्हर आहे ना?" आणि समोरचा म्हणतो "हो हो".

२. कव्हर नक्की कोणासाठी आहे ते शोधा (इथेच सगळे फसतात)

"विमा आहे" या दोन शब्दांत तीन पूर्णपणे वेगळ्या गोष्टी लपलेल्या असतात.

पहिली, थर्ड पार्टी. तुमच्या चुकीमुळे दुसऱ्याला लागलं किंवा त्याचं नुकसान झालं, म्हणजे चालणाऱ्या माणसाला धडकलात, उभ्या गाडीचा आरसा तोडलात, तर त्याने मागितलेली भरपाई आणि कोर्टकचेरीचा खर्च यातून जातो. क्लब आणि संघटनांच्या मेंबरशिपमध्ये बहुतेक वेळा हेच असतं. यात तुम्हाला स्वतःला एक पैसा मिळत नाही.

दुसरी, तुमचं शरीर. इथेही दोन प्रकार आहेत आणि लोक त्यांची सरमिसळ करतात. पर्सनल ॲक्सिडेंट कव्हरमध्ये ठरलेल्या गोष्टीला ठरलेली रक्कम मिळते, म्हणजे मृत्यू, हातपाय किंवा डोळा कायमचा निकामी होणं, कुठे कुठे फ्रॅक्चरसुद्धा. हॉस्पिटलचं बिल किती झालं याच्याशी त्याचा संबंध नाही. मेडिकल कव्हर हे बिलाप्रमाणे चालतं. माझं जे कॉलरबोन होतं ते थर्ड पार्टीत बसत नव्हतंच पण पर्सनल ॲक्सिडेंट असतं तरी कदाचित बसलं नसतं, कारण साधं फ्रॅक्चर बऱ्याच पॉलिसींमध्ये यादीतच नसतं. शेवटी घरच्या मेडिक्लेममधून भागवलं.

तिसरी, सायकल. चोरी आणि मोडतोड. हे मेंबरशिपमध्ये फुकटात मिळतंय असं कोणी म्हणालं तर दोनदा विचारा. सहसा वेगळी पॉलिसी घ्यावी लागते, क्लबमुळे फारतर डिस्काउंट मिळतं.

चौथी पण एक गोष्ट आहे, कायदेशीर मदत. म्हणजे चूक दुसऱ्याची आहे आणि तुम्हाला त्याच्याकडून भरपाई वसूल करायचीये तेव्हा वकील मिळणं. थर्ड पार्टीच्या बरोबर उलटी दिशा. काही संघटना देतात, आणि माझ्या मते रोज ट्रॅफिकमध्ये चालवणाऱ्याला याचा सगळ्यात जास्त उपयोग आहे पण त्याबद्दल कोणी विचारत नाही.

नमुने बघायचे तर ब्रिटनमधली सायकलिंग यूके, १८७८ सालची संस्था आहे, तिच्या मेंबरशिपमध्ये थर्ड पार्टी कव्हर येतं. जर्मनीच्या एडीएफसी या सायकलवाल्यांच्या संघटनेमध्ये थर्ड पार्टी आणि कायदेशीर मदत दोन्ही, आणि गंमत म्हणजे ते तुम्ही पायी चालताना किंवा बस-ट्रेनमध्ये असतानासुद्धा लागू होतं. अमेरिकेत लीग ऑफ अमेरिकन बायसिक्लिस्ट्स (सुरू झाली १८८० साली, तेव्हा नावात व्हीलमेन होतं) क्लबांसाठी विम्याची सोय करून देते, म्हणजे तिथे विमा मुळात क्लबच्या नावावर. तेव्हा मित्राच्या क्लबात असं आहे म्हणून आपल्याकडेही असेल हे धरून चालू नका.

३. फी फोडून बघा

एक आकडा दिसतो पण त्यात बरंच काही असतं: क्लबची स्वतःची वर्गणी, वरच्या संघटनेची संलग्नता फी, विम्याचा हप्ता, पहिल्या वर्षी असेल तर प्रवेश फी, कधी जर्सीचे पैसेपण घुसवलेले असतात. विचारा की यातला विम्याचा भाग किती, आणि तो ऐच्छिक आहे का. तुमच्याकडे आधीच चांगलं कव्हर असेल तर काही ठिकाणी नुसती क्लब मेंबरशिप घेता येते.

लायसन्सचा घोळ वेगळाच. आंतरराष्ट्रीय पातळीवर रेसिंग यूसीआय ही सायकलिंगची जागतिक संघटना बघते (१९०० सालापासून), तिच्याखाली देशोदेशीचे महासंघ, आणि ते रेस करणाऱ्यांना लायसन्स देतात. तुम्हाला नंबर लावून रेस करायची नसेल तर लायसन्सची गरज नाही. नवीन माणूस फॉर्मवर सगळ्यात महागडा पर्याय निवडतो, "असू दे, पूर्ण कव्हर मिळेल" म्हणून, आणि वर्षभर एकही रेस करत नाही. मी पण केलंय हे.

फॅमिली मेंबरशिप घेत असाल तर विमा कुटुंबातल्या प्रत्येकाला आहे की फक्त ज्याच्या नावावर आहे त्यालाच, हे बघा. मुलांचं वय किती असावं लागतं तेही. आणि वर्षाच्या मधे जॉईन होत असाल तर दोन पद्धती असतात: तुमच्या तारखेपासून बारा महिने, किंवा सगळ्यांचं वर्ष एकाच दिवशी संपतं. दुसरी पद्धत असेल आणि वर्ष संपायला दोनच महिने राहिले असतील तर उरलेल्या महिन्यांपुरती फी घेतात का ते विचारा. बरेच क्लब एक-दोन ट्रायल राईड फुकट देतात, पण त्या राईडमध्ये पाहुण्याला विमा असतो का? कधी असतो, कधी नसतो, कधी आधी नाव नोंदवलं तरच असतो.

४. घरात आधीपासून काय पडलंय ते काढा

ही पायरी लोक सोडून देतात. घरच्या सामानाच्या विम्यात सायकल येत असू शकते (बहुतेक ठरावीक किमतीपर्यंतच, आणि घराबाहेर नाही). मेडिक्लेम असेल तर सायकल अपघात त्यात साध्या अपघातासारखाच बसतो, "साहसी खेळ" या अपवादात डोंगरातली सायकलिंग टाकलीये का एवढं तपासा. काही देशांत लोकांकडे वैयक्तिक दायित्वाचा विमा असतो, त्यात सायकल चालवताना केलेलं नुकसानही येतं, मग क्लबचं थर्ड पार्टी म्हणजे दुहेरी झालं.

दुहेरी झालं म्हणजे दुप्पट मिळेल असं नाही. बिलाप्रमाणे भरपाई देणारे विमे खर्च झाला त्याच्यापेक्षा जास्त देत नाहीत, दोन असले तर दोघं आपसात वाटून घेतात. ठरीव रक्कम देणारं पर्सनल ॲक्सिडेंट मात्र सहसा दोन्हीकडून मिळू शकतं. आणि क्लबचं मेडिकल कव्हर "दुय्यम" असं लिहिलेलं असेल तर त्याचा अर्थ आधी स्वतःचा मेडिक्लेम वापरा, तो संपला की उरलेलं आम्ही बघू.

५. अपवाद वाचा, निदान हे सात

पूर्ण पॉलिसी कोणी वाचत नाही, मी पण नाही. पण अपवादांचं पान वाचा. मी बघते ते असं:

- फक्त क्लबच्या राईड, की कधीही? काही कव्हर फक्त क्लबच्या कॅलेंडरवर असलेल्या राईडला लागू होतं. व्हॉट्सॲपवर "उद्या सहाला कोण येतंय" असं ठरवून गेलेली राईड त्यात येत नाही.
- रेस आणि वेळ लावलेल्या राईड. खाली लिहिते.
- ई-बाईक. युरोपात २५० वॉटची मोटर, पॅडल मारलं तरच मदत आणि ताशी २५ किलोमीटरला मदत बंद, इथपर्यंत तिला सायकल धरतात, त्याच्यावर गेली की मोपेडच्या खात्यात. तुमच्याकडचा नियम बघा, आणि मोटरची सेटिंग कोणाकडून "खोलून" घेतली असेल तर क्लेम विसरा.
- देशाबाहेर. किती दिवसांपर्यंत आणि कुठले देश वगळलेत.
- कमाईसाठी सायकल. डिलिव्हरी जवळपास नेहमी बाहेर.
- दारू, आणि रात्री लाईट नसणं.
- हेल्मेट. काही पॉलिसींमध्ये अट असते, आणि मग नुसतं टोपडं नाही, आत ईएन १०७८ (युरोपचं मानक) किंवा सीपीएससी (अमेरिकेचं) असा शिक्का असलेलं लागतं. स्टिकर काढून टाकू नका.

आता वेळ लावलेल्या राईडबद्दल. ब्रेव्हे (ठरलेल्या वेळेत लांबचं अंतर पूर्ण करायच्या राईड) करणारे लोक इथे हमखास अडकतात. बीआरएम या प्रकारच्या ब्रेव्हेमध्ये, ज्यांचे नियम फ्रान्समधला ऑडॅक्स क्लब पॅरिझियन ठरवतो, २०० किलोमीटरला १३ तास ३० मिनिटं मिळतात, ३०० ला २०, ४०० ला २७ आणि ६०० ला ४० तास. वेळेत पोचलात की झालं, पहिला-दुसरा काही काढत नाहीत, त्यामुळे सायकलवाल्यांच्या भाषेत ती रेस नाहीच. पण पॉलिसीत "स्पर्धा किंवा वेळमर्यादा असलेला कार्यक्रम" असं वाक्य असेल तर विमा कंपनीच्या भाषेत ती रेस होऊ शकते. फोनवर विचारून उपयोग नाही, ईमेल करा, राईडचं नाव आणि नियम लिहून विचारा, आणि उत्तर जपून ठेवा. माझ्या एका मैत्रिणीने असं विचारल्यावर "चालेल" असं लेखी आलं, पुढे दुसऱ्याच कोणीतरी नकार द्यायला लागल्यावर तेच ईमेल कामी आलं.

६. सायकलची वेगळी पॉलिसी घ्यायची का?

महागडी असेल तर घ्या, जुनी असेल तर हप्ता आणि मिळणारी रक्कम शेजारी ठेवून बघा. तीन शब्द समजून घ्या फक्त.

घसारा: काही पॉलिसी जुन्याला नवीन देतात, काही वर्षागणिक किंमत कमी करत नेतात, मग चार वर्षांच्या सायकलचे फार काही हातात पडत नाहीत.

वजावट: प्रत्येक क्लेमची पहिली ठरावीक रक्कम तुमच्या खिशातून. वजावट मोठी असेल तर वाकलेला डिरेलर (गिअर बदलणारा भाग), फाटलेली सीट असले छोटे क्लेम करण्यात अर्थच उरत नाही.

कमी किंमत दाखवणं: हप्ता वाचवायला लोक करतात. समजा सायकलची खरी किंमत १०० आहे आणि तुम्ही ६० दाखवलीत, मग ३० चं नुकसान झालं तर बऱ्याच पॉलिसी त्याच प्रमाणात, म्हणजे १८ देतात. ६० च्या आत आहे म्हणून पूर्ण ३० मिळतील असं वाटतं, तसं नाही.

चोरीच्या बाबतीत सगळं कुलपावर अडतं. पॉलिसीत लिहिलेलं असतं की कुठल्या दर्जाचं कुलूप, आणि ते फ्रेममधून जाऊन हलणार नाही अशा वस्तूला बांधलेलं हवं. ब्रिटनमध्ये सोल्ड सिक्युअर नावाची रेटिंग मागतात, इतर ठिकाणी दुसरं काही. फक्त चाकाला कुलूप लावलं होतं तर क्लेम गेला. क्विक रिलीजची (पान्याशिवाय हाताने निघणारी) चाकं, लाईट, कॉम्प्युटर, बॅगा हे सुटे चोरीला गेले तर बहुतेक वेळा मिळत नाही, सायकलबरोबर गेले तरच. आणि बेसमेंटमधल्या सामायिक पार्किंगला "घर" धरतात का, हा प्रश्न तर नक्की विचारा.

७. कागदपत्रं

ही जमवायला एक संध्याकाळ पुरते, अपघातानंतर जमवायला महिना लागतो.

- ओळखपत्र, वयाचा दाखला (मुलांसाठी पालकाची सही)
- मेंबरशिपची पावती, तारखेसकट, आणि विम्याचं सर्टिफिकेट. कार्ड नव्हे, सर्टिफिकेट, ज्यावर पॉलिसी नंबर आणि मुदत असते
- पॉलिसीची पूर्ण पीडीएफ, अपवादांच्या पानासकट
- सायकलचं बिल. सेकंड हँड असेल तर विकणाऱ्याची सही असलेली साधी चिठ्ठी आणि पैसे दिल्याचा पुरावा
- फ्रेम नंबर. सायकल उलटी करा, पॅडलचे दांडे फ्रेममध्ये जिथे बसतात त्या बीबीच्या (बॉटम ब्रॅकेट) खाली कोरलेला असतो, तिथे नसेल तर हेडट्यूबवर (हँडलखालची फ्रेमची नळी) किंवा मागच्या चाकाच्या खाचेजवळ बघा
- सायकलचे चार फोटो, एकात तुम्ही सायकलसोबत
- कुलपाचं बिल आणि दोन्ही चाव्या (चोरी झाली की दोन्ही चाव्या मागतात, एक हरवलेली असली की संशय)
- नॉमिनीचं नाव. बरेच जण रिकामं सोडतात

बदललेल्या पार्टची बिलंही त्याच फोल्डरमध्ये टाका. नवीन व्हीलसेट (दोन्ही चाकांचा जोड) घातलात आणि कळवलं नाही तर कंपनीच्या हिशोबाने जुनंच चाक चोरीला गेलंय.

८. तारखा

छोटा मुद्दा पण सगळ्यात जास्त नुकसान यानेच होतं. पैसे भरले त्या क्षणापासून कव्हर सुरू होत नाही. क्लब महिन्यातून एकदा नावं पुढे पाठवत असेल तर मधले दिवस उघडे. रिन्यूअलला तर जास्तच: मुदत ३१ ला संपली, तुम्ही ५ ला भरले, १ ते ५ मध्ये पडलात तर काहीच नाही, आणि नंतर भरून मागची तारीख मिळत नाही. मी फोनमध्ये मुदतीच्या तीन आठवडे आधीचा अलार्म लावते. ऑटो रिन्यूअल लावलं असेल तर कार्डाची मुदत बघा, कार्ड एक्सपायर झाल्यामुळे हप्ता न गेलेले लोक माझ्या ओळखीत दोन आहेत.

९. पडलात किंवा कोणाला धडकलात तर

आधी माणूस बघा, मग रस्त्यातून बाजूला व्हा, सायकल शेवटी. त्यानंतर:

१) "माझीच चूक" असं म्हणू नका. सॉरी म्हणणं, पाणी देणं, हॉस्पिटलला नेणं हे करा, माणुसकी सोडायची नाहीये, पण चूक मान्य करणं, जागेवर पैसे देऊन मिटवणं किंवा काही लिहून देणं टाळा. थर्ड पार्टी पॉलिसीत बहुधा अट असते की कंपनीला न विचारता जबाबदारी स्वीकारायची नाही, आणि स्वीकारली तर कंपनी हात वर करू शकते.

२) फोटो: जागा, खड्डा, गाडीचा नंबर, दोन्हीकडचं नुकसान. बघणाऱ्या दोघांचे फोन नंबर. जीपीएसची राईड सेव्ह करा, वेळ आणि जागेचा तो चांगला पुरावा आहे (अर्थात तुमचा वेगही त्यात दिसतो).

३) कोणाला लागलं असेल किंवा चोरी असेल तर पोलिसात तक्रार आणि त्याची प्रत.

४) डॉक्टरकडे त्याच दिवशी जा, दुखत नसलं तरी. चार दिवसांनी गेलात की "हे अपघातामुळेच झालं कशावरून" सुरू होतं. कागदावर "सायकलवरून पडून" असं लिहून घ्या.

५) क्लब आणि विमा कंपनी दोघांना कळवा, लेखी. मुदत पॉलिसीत दिलेली असते आणि ती वाटते त्याच्यापेक्षा कमी असते. क्लेम करायचा की नाही हे ठरलं नसेल तरी कळवून ठेवा, कारण समोरचा माणूस दोन महिन्यांनी वकिलाचं पत्र पाठवू शकतो.

६) मोडलेलं काही फेकू नका, तडकलेलं हेल्मेटसुद्धा नाही (वापरायचं मात्र नाही). दुरुस्ती करायच्या आधी कंपनीला बघू द्या. कार्बन फ्रेम असेल तर वरून ठणठणीत दिसली तरी आतून तडा असू शकतो, मेकॅनिककडून तपासून लेखी रिपोर्ट घ्या, क्लेमलाही लागतो आणि तुमच्या जिवालाही.

१०. उद्या राईड लीडर व्हाल तेव्हा

सहा महिने नियमित आलात की क्लबवाले गळ्यात घालतातच. हो म्हणायच्या आधी विचारा की लीडर म्हणून माझी जबाबदारी वेगळी कव्हर आहे का. तुम्ही चुकीच्या रस्त्याने ग्रुप नेला, तिथे कोणी पडलं आणि त्याने तुमच्यावर बोट ठेवलं तर सामान्य मेंबरचं कव्हर पुरेलच असं नाही. आणि सुरुवातीला सगळ्यांकडून हमीपत्रावर सही घेतात ना, "माझ्या जबाबदारीवर येत आहे" वालं, ते विम्याच्या जागी चालत नाही. निष्काळजीपणा झाला असेल तर बऱ्याच ठिकाणी त्या सहीला फार किंमत नसते.

शेवटी, क्लबला पाठवायचं ईमेल देऊन ठेवते, कॉपी करा:

"नमस्कार, मेंबरशिप घ्यायचा विचार आहे. कृपया कळवा: विमा थर्ड पार्टी, पर्सनल ॲक्सिडेंट, मेडिकल यापैकी कुठला आहे आणि कमाल रक्कम किती? एकट्याने चालवतानाही लागू आहे का? वेळमर्यादेच्या राईड आणि परदेश चालतं का? वजावट किती? कव्हर कोणत्या तारखेपासून सुरू होईल? पॉलिसीची प्रत पाठवाल का?"

उत्तर आलं नाही तर पुन्हा पाठवा. दुसऱ्यांदाही आलं नाही तर राईडला जा, चहा प्या, मजा करा, पण विमा स्वतःचा वेगळा काढा.